एकच खुर्ची, दोन खरी तिकिटं: नाटकाच्या बुकिंग ॲपचं एक प्रकरण

रविवारी संध्याकाळचा प्रयोग, पुण्यातलं एक नाट्यगृह, बाहेर हाऊसफुल्लचा बोर्ड. तिसरी घंटा व्हायच्या बेतात असताना ‘एफ’ रांगेतल्या १४ आणि १५ नंबरच्या खुर्च्यांपाशी दोन जोडपी समोरासमोर आली. एक चिंचवडहून आलेलं, दुसरं सिंहगड रस्त्यावरून. दोघांच्या मोबाइलवर तेच नाटक, तीच तारीख, त्याच खुर्च्या. पैसे दोघांच्याही खात्यांतून गेलेले, आणि तिकिटं दोन्ही अस्सल. दारावरच्या माणसाने दोघांनाही आत सोडलं होतं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

व्यवस्थापकांनी पाहुण्यांसाठी राखलेल्या दोन खुर्च्या देऊन वेळ निभावली. पण त्या दोन जोडप्यांपैकी साठी ओलांडलेल्या काका-काकूंना भर प्रेक्षागृहात उभं राहून ‘आमचं तिकीट खोटं नाही’ असं सांगावं लागलं. सॉफ्टवेअरच्या चुकीची किंमत बऱ्याचदा अशी तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते, आणि म्हणूनच हे प्रकरण मला सविस्तर मांडावंसं वाटतं.

निर्मात्यांनी ॲप बनवणाऱ्या कंपनीला विचारलं. उत्तर आलं की बुकिंग उघडल्यावर सर्व्हरवर ताण आला, मोठा सर्व्हर घ्यायला हवा. निर्मात्यांना ते पटलं नाही. सर्व्हर हळू चालला तर तिकीट उशिरा मिळेल, दोनदा कसं मिळेल, असा त्यांचा साधा प्रश्न होता. प्रश्न अगदी नेमका होता. त्यावरूनच त्यांनी मला तपासायला बोलावलं.

खिडकीवरचा कागद आणि पेन्सिल

ॲप येण्याआधी तिकीटविक्री कशी चालायची, हे व्यवस्थापकांनी मला दाखवलं. प्रत्येक प्रयोगाचा एक छापील प्लॅन असायचा, सगळ्या रांगा आणि खुर्च्या चौकोनांत आखलेला. तिकीट फाडून दिलं की बुकिंग क्लार्क त्या चौकोनावर फुली मारायचा. कागद एकच आणि पेन्सिलही एकाच हातात. खिडकीसमोर पन्नास माणसं उभी असली तरी दोन फुल्या एकाच क्षणी पडणं शक्य नव्हतं. त्या पद्धतीत रांग लागायची, उशीर व्हायचा, पण एक खुर्ची दोनदा विकली जायची नाही.

रिलेशनल डेटाबेस, म्हणजे माहिती ओळी-रकान्यांच्या टेबलांत ठेवणारी व्यवस्था, हीच हमी एकाच वेळी शेकडो हातांना देऊ शकतो. फक्त ती हमी त्याच्याकडे मागावी लागते. या ॲपने ती मागितलीच नव्हती.

ॲप पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या जँगो या फ्रेमवर्कवर (तयार सांगाड्यावर) बांधलेलं होतं आणि खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस. वेब सर्व्हरवर ॲपच्या अनेक प्रोसेस (चालू प्रती) एकाच वेळी चालू असतात. प्रत्येक प्रोसेस स्वतःचं कनेक्शन उघडते आणि पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी आपल्या बाजूला एक स्वतंत्र प्रोसेस उभी करतो. प्रोग्रामर लिहितो पायथन. जँगोचा ओआरएम हा दुभाषी भाग त्याचं एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, रूपांतर करतो आणि ड्रायव्हर हा जोडणारा भाग ते नेटवर्कवरून पाठवतो. डेटाबेसपर्यंत पोहोचतं ते फक्त एसक्यूएल. प्रोग्रामरच्या मनात काय होतं, कोडच्या कुठल्या दोन ओळी त्याला एकत्र हव्या होत्या, याचा तिथे मागमूसही नसतो. म्हणून अशा कामात मी कोड वाचण्याआधी डेटाबेसच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) प्रत्यक्ष काय उतरलं ते बघतो.

आरक्षणाच्या टेबलमध्ये त्या प्रयोगाच्या ‘एफ १४’साठी दोन ओळी होत्या, दोन्ही ‘विकलं’ या स्थितीत. त्या तयार झाल्याच्या वेळांमध्ये एका सेकंदाहून बराच कमी फरक होता. ताणाची, संथपणाची गोष्ट तिथेच संपली.

दोन प्रश्नांमधली फट

कोड काय करत होता? आधी विचारत होता: या प्रयोगाच्या या खुर्चीसाठी चालू आरक्षण आहे का? उत्तर ‘नाही’ आलं की नवी ओळ घालत होता. वाचायला अगदी समंजस कोड. एक माणूस एका वेळी वापरत असेल तर तो कधीही चुकणार नाही, आणि चाचणी घेताना नेमकं तेच झालं होतं.

पण सिलेक्ट (विचारणं) आणि इन्सर्ट (ओळ घालणं) या दोन वेगळ्या विनंत्या आहेत. जँगोत वेगळं काही सांगितलं नाही तर प्रत्येक विनंती स्वतंत्रपणे लगेच कमिट, म्हणजे पक्की, होते. पहिल्या प्रोसेसने विचारलं, उत्तर आलं ‘रिकामी’. तिने ओळ घालण्याआधी दुसरीने विचारलं, तिलाही उत्तर ‘रिकामी’. मग दोघींनी ओळ घातली. डेटाबेसने दोन्ही वेळा खरंच उत्तर दिलं होतं. मात्र ते उत्तर विचारल्या क्षणापुरतं खरं होतं, आणि कोडने ते पुढच्या क्षणालाही खरं धरलं.

लोकप्रिय नाटकाचा प्लॅन उघडला की पहिल्या काही मिनिटांत सगळे मधल्या रांगांवरच तुटून पडतात. चांगल्या खुर्च्या मोजक्याच, त्यामुळे टक्कर व्हायची ती तिथेच. मोठ्या सर्व्हरवर एका वेळी आणखी जास्त विनंत्या चालल्या असत्या. फट जशीच्या तशीच राहिली असती.

कंपनीला हे दाखवल्यावर त्यांनी त्याच दिवशी दुरुस्ती पाठवली: दोन्ही पायऱ्या एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकत्र पार पडणाऱ्या विनंत्यांच्या गटात, गुंडाळल्या. जँगोत त्यासाठी ‘ॲटॉमिक’ हा ब्लॉक असतो. इथे थोडं थांबायला हवं, कारण हा समज फार खोलवर रुजलेला आहे. ट्रान्झॅक्शन केली म्हणजे आतलं सगळं एकट्याने चालतं, असं अनेक अनुभवी प्रोग्रामरही मानतात. तसं होत नाही. ट्रान्झॅक्शनमुळे आतलं सगळं एक तर पूर्ण होतं, नाही तर काहीच होत नाही, एवढी खात्री मिळते. त्याच वेळी चालू असलेल्या दुसऱ्या ट्रान्झॅक्शनपासून ती किती अलिप्त राहील, हे आयसोलेशन लेव्हलवर ठरतं. एसक्यूएलच्या १९९२च्या मानकात अशा चार पातळ्या आहेत. पोस्टग्रेसमध्ये काही न सांगता मिळते ती ‘रीड कमिटेड’: दुसऱ्याने कमिट केलेलं दिसतं, न केलेलं दिसत नाही. आता आपल्या प्रकरणात बघा. दोन्ही ट्रान्झॅक्शन चालू आहेत, दोघींपैकी कुणीच अजून कमिट केलेलं नाही, त्यामुळे एकीला दुसरीची ओळ दिसणं शक्यच नाही. दोघी निर्धास्तपणे ओळ घालतात आणि कमिट करतात. उलट आता फट आणखी रुंद झाली होती, कारण आधी इन्सर्ट होताच ओळ सगळ्यांना दिसत होती, आता ती कमिटपर्यंत लपलेली राहत होती.

हे तोंडी सांगून पटत नाही. सदाशिव पेठेतल्या निर्मात्यांच्या ऑफिसात मी लॅपटॉपवर पोस्टग्रेसच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. दोन्हींत ट्रान्झॅक्शन सुरू केली. डावीकडे विचारलं, शून्य ओळी. उजवीकडे विचारलं, शून्य ओळी. डावीकडे ओळ घातली, उजवीकडे घातली, दोन्हीकडे कमिट केलं. एकही त्रुटी नाही आणि टेबलमध्ये दोन ओळी. व्यवस्थापकांना एसक्यूएल येत नाही, पण आयुष्यभर प्लॅन सांभाळलेल्या माणसाला यात काय बिघडलंय ते चटकन समजलं. त्यांनी विचारलं, “मग यात पेन्सिल कुणाच्या हातात आहे?” कुणाच्याच नव्हती.

कंपनीतल्या एका तरुण प्रोग्रामरने ‘फॉर अपडेट’ सुचवलं, म्हणजे वाचतानाच ओळ कुलूपबंद करायची. कल्पना योग्य दिशेची होती, पण कुलूप लावायला ओळ तर हवी! आरक्षणाच्या टेबलमध्ये त्या खुर्चीची ओळच नसते, आणि नसलेल्या ओळीला पोस्टग्रेस कुलूप लावत नाही. त्याऐवजी प्रयोगाची ओळ कुलूपबंद केली असती तर काम झालं असतं, पण मग सगळं नाट्यगृह पुन्हा एकाच रांगेत उभं राहिलं असतं. ‘एफ’ रांग घेणाऱ्यासाठी बाल्कनीवालाही थांबला असता. ‘सिरियलायझेबल’ ही सर्वात कडक आयसोलेशन पातळी हा आणखी एक मार्ग होता. पोस्टग्रेसमध्ये ती २०११च्या ९.१ आवृत्तीपासून खऱ्या अर्थाने आहे. पण त्यात डेटाबेस टकरीतली एक ट्रान्झॅक्शन रद्द करतो आणि ती पुन्हा चालवण्याची जबाबदारी ॲपवर येते. या ॲपमध्ये पुन्हा चालवण्याची सोय कुठेही नव्हती.

नियम कुठे ठेवायचा

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं. त्यातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट ही की माहितीबद्दलचे नियम माहितीजवळच ठेवता येतात. ‘एका प्रयोगाच्या एका खुर्चीवर एकच चालू आरक्षण’ हा या धंद्याचा पहिला नियम. तो पायथनच्या एका फंक्शनमध्ये राहत होता. खिडकीवरच्या टॅबलेटसाठी लिहिलेल्या दुसऱ्या फंक्शनमध्ये त्याची थोडी वेगळी नक्कल होती. ॲडमिनच्या पानावरून हाताने ओळ घातली तर तो कुठेच नव्हता. तो टेबलवर युनिक इंडेक्स (तीच नोंद दोनदा येऊ न देणारी डेटाबेसची सूची) म्हणून आला की दार कोणतंही असो, नियम तोच राहतो.

युनिक इंडेक्स असताना दोन प्रोसेसनी एकाच वेळी तीच खुर्ची घातली, तर पोस्टग्रेस दुसरीला थांबवून ठेवतो. पहिलीने कमिट केलं की दुसरीला २३५०५ क्रमांकाची त्रुटी मिळते. पहिलीने माघार घेतली तर दुसरीची ओळ लागते. हवं होतं ते नेमकं हेच.

अडचण आली ती तात्पुरत्या आरक्षणाची. प्रेक्षक खुर्ची निवडतो, ती दहा मिनिटं त्याच्यासाठी राखली जाते, तेवढ्यात पैसे भरायचे. मुदत संपलेल्या आणि रद्द झालेल्या ओळीही त्याच टेबलमध्ये राहतात, म्हणून सरसकट युनिक चालत नाही. पोस्टग्रेसमध्ये अर्धवट इंडेक्स करता येतो: फक्त ‘राखलेलं’ किंवा ‘विकलेलं’ स्थितीतल्या ओळींसाठी. जँगोतही २०१९च्या २.२ आवृत्तीपासून अशी अट देता येते. कंपनीने अटीत ‘मुदत आत्ताच्या वेळेपुढे असलेल्या ओळी’ असं लिहून बघितलं आणि पोस्टग्रेसने ते नाकारलं. योग्यच होतं. इंडेक्स ओळ लिहिताना बनतो, आणि ‘आत्ता’ तर दर क्षणी बदलतं. घड्याळ पुढे सरकलं म्हणून इंडेक्समधली नोंद आपोआप गळून पडत नाही. म्हणून मुदत संपल्याची नोंद प्रत्यक्ष लिहावी लागते.

मग ठरलं ते असं. नवं आरक्षण करताना, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, आधी त्या खुर्चीची मुदत उलटलेली जुनी ओळ ‘संपलं’ करायची आणि लगेच नवी ओळ घालायची. दोघं एकदम आले तर जुन्या ओळीवर पहिल्याचं कुलूप बसतं, दुसरा थांबतो. त्याची पाळी येते तेव्हा पोस्टग्रेस अट पुन्हा तपासतो, बदलण्यासारखं काही उरलेलं नसतं, आणि पुढच्या इन्सर्टला युनिक इंडेक्स अडवतो. कुणीही मधून निसटत नाही.

इंडेक्स लावायला गेलो तर तो लागेना. टेबलमध्ये आधीच दुहेरी ओळी होत्या! आधीच्या प्रयोगांतही हे घडलं होतं. एफ रांगेतल्या त्या जोडप्यांच्या आधीही कुणी तरी असंच गोंधळात पडलं असणार, किंवा निमूटपणे मागे जाऊन बसलं असणार, आणि ते निर्मात्यांपर्यंत पोहोचलंच नाही. त्या ओळी प्रयोगवार गट करून शोधल्या, निर्मात्यांनी त्यातल्या प्रेक्षकांना स्वतः फोन केले, आणि मग इंडेक्स लागला.

दोन तांत्रिक गोष्टी इथे सांगायलाच हव्यात, कारण दोन्ही पहिल्या फेरीत चुकल्या. चार-पाच खुर्च्या एकत्र घेताना एकाने १४ मग १५ आणि दुसऱ्याने १५ मग १४ अशा क्रमाने ओळी घातल्या, तर दोघं एकमेकांसाठी अडून बसतात आणि पोस्टग्रेसला डेडलॉक म्हणून एकाला बाहेर काढावं लागतं. खुर्च्या नेहमी ठरावीक क्रमाने लावल्या की हा प्रश्न उरत नाही. दुसरी गोष्ट त्रुटीची. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनमधलं एक विधान फसलं की ती ट्रान्झॅक्शन मागे घेईपर्यंत पुढचं कोणतंही विधान चालत नाही. म्हणून युनिकची त्रुटी ॲटॉमिक ब्लॉकच्या बाहेर पकडायची, आत नाही, आणि प्रेक्षकाला सांगायचं: ही खुर्ची नुकतीच गेली, दुसरी निवडा.

पैसे उशिरा आले तर

खुर्च्यांचा प्रश्न सुटतोय असं वाटत असतानाच त्याला जोडून दुसरा निघाला, आणि माझ्या मते तो जास्त घातक होता. यूपीआयने पैसे भरताना कधी कधी बँकेकडून उत्तर रेंगाळतं. दहा मिनिटं संपतात, खुर्ची सुटते, दुसरा कुणी ती घेतो, आणि मग पेमेंट कंपनीकडून निरोप येतो की पहिल्याचे पैसे जमा झाले. हा निरोप घेणारा कोड आरक्षणाची ओळ वाचायचा, स्थिती ‘विकलं’ करायचा आणि सेव्ह करायचा. जँगोतलं साधं सेव्ह वाचलेल्या ओळीचे सगळे रकाने परत लिहितं, मध्ये काय बदललं ते बघत नाही. संपलेलं आरक्षण त्यामुळे पुन्हा जिवंत व्हायचं.

इथे वाचून-बदलून-लिहिण्याऐवजी एकच अपडेट विधान ठेवलं, अटीसह: ही ओळ अजून ‘राखलेलं’ असेल तरच ‘विकलं’ कर. किती ओळी लागू पडल्या हा आकडा जँगो परत देतो. तो बुकिंगमधल्या खुर्च्यांइतका आला तरच कमिट. कमी आला तर सगळं मागे आणि पैसे परत करण्याची नोंद. या रचनेचा एक चांगला परिणाम असा की मुदत उलटली पण खुर्ची कुणी घेतली नाही, तर उशिरा आलेल्या पैशांवरही तिकीट मिळतं. प्रेक्षकाला त्यात उगाच परतावा घेऊन पुन्हा बुकिंग करायला लागत नाही. पेमेंटचा निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून व्यवहार क्रमांकावरही युनिक इंडेक्स लावला.

सुरुवातीच्या चर्चेत कुणी तरी सुचवलं होतं की पैसे येईपर्यंत ट्रान्झॅक्शन उघडीच ठेवू, म्हणजे कुलूप राहील. हे कधीही करू नये. उघडी ट्रान्झॅक्शन म्हणजे अडकलेलं कनेक्शन, आणि पोस्टग्रेसमध्ये वेगळं काही ठरवलं नसेल तर एका वेळी शंभर कनेक्शनची मर्यादा असते. प्रेक्षक ओटीपी शोधत असताना डेटाबेस त्याच्यासाठी ताटकळत ठेवायचा नसतो.

संथपणाची तक्रार मात्र खोटी नव्हती. प्लॅनचं पान प्रत्येक खुर्चीसाठी वेगळी क्वेरी (विचारणा) पाठवत होतं. ओआरएममध्ये हे सहज घडतं, कारण लूपमधली, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडमधली, एक निरागस दिसणारी ओळ दर फेरीला डेटाबेसकडे जाते. खुर्च्या आणि आरक्षणं एकत्र मागवली, आणि जुन्याच सर्व्हरवर पान झटकन उघडू लागलं.

चाचणी कशी घेतली

पुन्हा हे होणार नाही हे दाखवायला एकामागून एक चालणाऱ्या चाचण्या उपयोगाच्या नव्हत्या. अनेक थ्रेड (समांतर चालणारी कामं) एकाच क्षणी एकाच खुर्चीवर सोडायचे आणि नेमका एकच यशस्वी व्हायला हवा, अशी चाचणी लिहिली. जँगोचा नेहमीचा ‘टेस्टकेस’ क्लास प्रत्येक चाचणी एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतो आणि शेवटी मागे घेतो, त्यामुळे आत तयार केलेला प्रयोग आणि खुर्च्या दुसऱ्या कनेक्शनला दिसतच नाहीत. इथे ‘ट्रान्झॅक्शनटेस्टकेस’ लागतो. शिवाय चाचणी खऱ्या पोस्टग्रेसवरच चालवली. कंपनीत रोजच्या चाचण्या एसक्यूलाइट या दुसऱ्या, छोट्या डेटाबेसवर होत होत्या. तिथे एका वेळी एकच जण लिहू शकतो, त्यामुळे पोस्टग्रेसवरची ही टक्कर तिथे तशी उभीच राहत नाही. जुन्या कोडवर ही चाचणी लगेच फसली, नव्यावर पार पडली. त्यातली फसलेली फेरी मला जास्त महत्त्वाची वाटते. चाचणी खरोखर तीच चूक पकडते आहे, याचा पुरावा तिथे मिळाला.

एक भाग मात्र डेटाबेसने सुटणारा नव्हता. नाट्यगृहातलं वायफाय गेलं की खिडकीवरचा माणूस छापील प्लॅनवरून तिकिटं द्यायचा आणि नेट आल्यावर नोंदी करायचा. आता उशिरा केलेली अशी नोंद युनिक इंडेक्स नाकारेल. पण तोवर कागदी तिकीट घेऊन प्रेक्षक घरी गेलेला असतो. म्हणून काही रांगा फक्त खिडकीसाठी ठेवायच्या आणि ऑनलाइन प्लॅनमध्ये त्या दाखवायच्याच नाहीत, असं ठरलं. त्यात किती रांगा असाव्यात, यावर निर्माते आणि व्यवस्थापक यांचं अजून एकमत झालेलं नाही. व्यवस्थापकांना पुढच्या रांगांतलाही वाटा हवा आहे, कारण मोबाइलवर बुकिंग न करणारा जुना प्रेक्षक सकाळी खिडकीवरच येतो आणि त्याला पुढचीच खुर्ची लागते.